घरासमोरचा रस्ता कुणाचा? गल्लीतल्या पार्किंगवर टिकलेला तोडगा कुणी पाहिलाय का?

वळणावरची:
आमची गल्ली जुनी. घरं एकमेकांना खेटून, बहुतेकांना स्वतःचं पार्किंग नाही, आणि गाड्या मात्र घरटी एक तरी. काही घरांत तीन. रस्त्याच्या दोन्ही कडा भरदिवसाही भरलेल्या असतात, आणि संध्याकाळी उशिरा येणाऱ्याला गाडी कुठे लावायची हा रोजचा घोर.

आधी नुसती कुरबुर होती. आता जागा अडवणं सुरू झालंय. कुणी कुंड्या ठेवतं, कुणी बंद पडलेली स्कूटर. समोरच्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून पाइप रोवलाय, वर 'नो पार्किंग'ची पाटी. सकाळी गाडी निघाली की डबा रस्त्यावर, संध्याकाळी गाडी आली की डबा फाटकाआड. परवा कुणीतरी तो डबा सरकवून गाडी लावली, तर सकाळी त्या गाडीच्या पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत चरा ओढलेला. कुणी केलं ते कुणीच पाहिलं नाही. आता त्या दोन घरांतली मुलंही एकमेकांशी खेळत नाहीत. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरासमोरच्या रस्त्यावर घरवाल्याचा काही हक्क असतो का? आणि तुमच्या गल्लीत एखादी व्यवस्था बसली असेल, टिकली असेल, तर ती कशी बसवली? नुसती हळहळ नको, काय केलं ते सविस्तर लिहा, ही विनंती.

हँडब्रेक:
हक्क नाही. रस्ता सार्वजनिक. तुमचं फाटक कुणी अडवू नये एवढंच तुम्ही मागू शकता. फाटकाची रुंदी सोडली तर भिंतीसमोरची जागा पहिला येईल त्याची. डबा ठेवणं म्हणजे रस्ता अडवणंच.

तळमजला:
हँडब्रेक, नियम माहीत आहे. पण माझ्या वडिलांना गाडीतून उतरवून घरात न्यायचं म्हणजे काय असतं ते सांगतो. आधी वॉकर उघडून दाराशी धरायचा, मग त्यांचे दोन्ही पाय बाहेर, मग काखेत हात घालून उभं करायचं. एवढं होईपर्यंत मागे हॉर्न सुरू झालेले असतात. गाडी दारात असेल तर सहा पावलं. गल्लीच्या तोंडाशी असेल तर मधे दोनदा खुर्ची टाकून बसवावं लागतं. म्हणून मी दारासमोरची जागा राखतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

पाटी नको:
+१ तळमजला. म्हातारी माणसं घरात असली की कळतं.

चौथा मजला:
तळमजला, तुमची अडचण खरी आहे, पण 'घरासमोर' या शब्दावर माझी हरकत आहे. आमच्या इमारतीची रस्त्याकडची लांबी साधारण नऊ मीटर. म्हणजे समोर दोन गाड्या लागतात. वर आठ कुटुंबं. त्यातली दोन 'आपल्या दारासमोर' म्हणणार आणि बाकी सहा कुणाच्या दारासमोर लावणार? ज्याचं दार रस्त्याला लागून आहे त्याला जास्त रस्ता, हा न्याय मला कधी पटलेला नाही. आजारी माणसाला जवळची जागा मिळायलाच हवी, पण ती आजाराच्या कारणाने. तळमजल्याच्या कारणाने नको.

वळणावरची:
चौथा मजला, हा मुद्दा अगदी नेमका मांडलात. आमच्याकडे भांडणाचं मूळ हेच आहे.

हिशोबी:
ब्रिटनमध्ये याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. अपंग व्यक्तीच्या घराजवळ रस्त्यावर राखीव जागा आखून मिळते, पण ती त्या घराची होत नाही. ब्लू बॅज (अपंगांना मिळणारा पार्किंगचा परवाना) असलेली कुणीही व्यक्ती तिथे गाडी लावू शकते. गरजेला जागा, घराला नाही. तळमजला यांच्यासारख्यांना हे अपुरं वाटेल. तरी डब्यापेक्षा बरंच आहे, कारण पाटी पालिकेची असते आणि शेजाऱ्याशी वाद घालावा लागत नाही.

चालता बोलता:
माझ्याकडे गाडी नाही. घेणारही नाही. धाग्यावर अजून कुणी आमच्याबद्दल बोललेलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे जी जागा वाटून घ्यायला निघालात तिच्यात मीही राहतो. दुतर्फा गाड्या लागल्यावर उरलेले दोघे फूटपाथवर चढवतात. मग बाबागाडी घेऊन निघालेली आई रस्त्याच्या मधोमध चालते. आमच्या शेजारची आठवीतली मुलगी सायकल घेऊन निघते तेव्हा लावलेल्या गाड्यांच्या आणि धावत्या गाड्यांच्या मधल्या हातभर पट्ट्यातून जाते, आणि कुठलं दार कधी उघडेल याचा नेम नसतो. एका उभ्या गाडीला दहा-बारा चौरस मीटर जागा लागते. मी माझं जुनं कपाट तेवढ्याच जागेत रस्त्यावर आणून ठेवलं तर तासाभरात तक्रार होईल. गाडी ठेवली तर कुणी हूं का चूं करणार नाही. हे असं का, याचं उत्तर गाडीवाल्यांनी द्यावं असं मला मनापासून वाटतं.

हँडब्रेक:
कपाटाचा मुद्दा बिनतोड आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

क्लचप्लेट:
आम्ही काही वर्षं जपानमध्ये होतो. तिथे गाडी घ्यायच्या आधी जागा दाखवावी लागते. १९६२ सालचा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे याचा नकाशा काढून पोलीस ठाण्यात द्यायचा, मग ते पडताळून दाखला देतात, आणि तो दाखवल्यावर नोंदणी. केई, म्हणजे छोट्या इंजिनाच्या लहान गाड्यांना काही भागांत थोडी सूट आहे. शिवाय रस्त्यावर रात्री एका जागी आठ तास गाडी उभी ठेवता येत नाही, दिवसा बारा तास. त्यामुळे निवासी गल्ल्या रात्री रिकाम्या दिसतात. रस्ते आपल्यासारखेच अरुंद, काही तर जास्तच, पण त्यांतून आरामात चालता येतं.

पाटी नको:
म्हणजे ज्याच्याकडे जागा नाही त्याने गाडी घ्यायचीच नाही? मग गाडी फक्त बंगलेवाल्यांनी घ्यावी का?

क्लचप्लेट:
पाटी नको, तिथे महिन्याच्या भाड्याने पार्किंग देणारे छोटे छोटे भूखंड गल्लोगल्ली आहेत. दोन घरांमधली रिकामी जागासुद्धा चार रेघा मारून भाड्याने देतात. रस्त्यावर फुकट मिळत नाही म्हणूनच ते चालतं. रस्ता फुकट असेल तर भाडं कोण देईल?

चौथा मजला:
पण त्यांच्या रेल्वेबद्दलही लिहा ना. गाडी नसली तरी तिथे कुणाचं अडत नाही. जिथे शेवटची बस रात्री लवकर जाते तिथे हा कायदा आणला तर रात्रपाळीच्या कामगारांचे हाल होतील.

क्लचप्लेट:
ते मान्य.

गणितातला:
थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे. आल्फ्रेड रेन्यी नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने १९५८ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला होता. लांबलचक रस्ता, सगळ्या गाड्या एकाच लांबीच्या, येणारा प्रत्येक जण मोकळ्या भागात कुठेही, मनाला येईल तिथे गाडी लावतो आणि परत हलवत नाही. आणखी एकही गाडी मावणार नाही इतका रस्ता भरला की किती टक्के लांबी वापरली गेलेली असते? उत्तर ७४.७६ टक्के. उरलेला चौथा हिस्सा गाड्यांमधल्या अशा फटींत जातो, ज्यांत एकही गाडी बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं, आधी रेघा मारा. नुसत्या शिस्तीने जागा वाढते.

डिकीत छत्री:
गणितातला, भारी माहिती. पण लोक कुठेही लावत नाहीत हो, पुढच्या गाडीला चिकटून लावतात. निदान आमच्याकडे तरी इतकं चिकटून लावतात की दोन बंपरांमधून मांजर जात नाही.

हिशोबी:
रेघांबद्दल एक सावधगिरी. आखलेली प्रत्येक चौकट मोठ्या गाडीच्या मापाची करावी लागते, पाच-साडेपाच मीटर तरी. तुमच्या गल्लीत चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या जास्त असतील तर चौकटींमुळे जागा कमीच होईल. मिश्र मापांच्या गाड्या असतील तर फक्त दोन टोकं आखावी, इथून सुरू आणि इथे संपलं. मधे लोकांना लावू द्यावं.

आणि गाड्या रुंदही होत चालल्यात. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०२३ मध्ये १८० सेंटिमीटरच्या वर गेली, आरसे सोडून. गल्ली मात्र आहे तेवढीच.

गणितातला:
हिशोबी, बरोबर. रेन्यीच्या प्रश्नात गाड्या एकाच मापाच्या आहेत. मिश्र मापांना टोकं आखण्याची सूचना चांगली आहे.

डिकीत छत्री:
आमच्या गल्लीतली गंमत सांगते. शनिवारी दुपारी चांगली जागा मिळाली की मंडळी रविवारी गाडी काढतच नाहीत. लग्नाला रिक्षाने, दवाखान्यात रिक्षाने, पावसात भिजत भाजी आणायला पायी. का, तर जागा जाईल! आमच्या काकूंनी तर पाहुण्यांना "आज येऊ नका, सोमवारी या, सोमवारी कोपऱ्यावर जागा असते" असं फोनवर सांगितलं. सगळी गल्ली त्यांना 'सोमवारच्या काकू' म्हणते.

पाटी नको:
सोमवारच्या काकू 😄

तळमजला:
हसलो खूप. आमच्याकडेही अशा दोन गाड्या आहेत, फक्त धुण्यासाठी हलतात.

पेठेतला वाचक:
धागा आवडला. मूळ दुखण्यावर कुणीतरी बोट ठेवायला हवं म्हणून लिहितो. फुकट असलेली वस्तू कधीच पुरत नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डोनाल्ड शूप यांनी सारी हयात पार्किंगचाच अभ्यास केला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं सांगणं तीन गोष्टींत येतं. रस्त्याकडेच्या जागेला एवढं शुल्क ठेवा की नेहमी एक-दोन जागा मोकळ्या राहतील, म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या. ते पैसे त्याच गल्लीवर खर्च करा. आणि प्रत्येक इमारतीत अमुक इतकं पार्किंग हवंच ही सक्ती काढा.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. कॅलिफोर्नियातल्या 'ओल्ड पॅसाडिना' या बाजारभागात १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसवले तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध होता. पैसा तिथल्याच फूटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर जाणार हे कळल्यावर तो मावळला. लोकांचा राग पैशावर कमी असतो. पैसा कुठे जातो ते दिसत नाही, यावर जास्त असतो.

चालता बोलता:
पेठेतला वाचक, पूर्ण सहमत, आणि त्या पैशातून आधी फूटपाथ.

पाटी नको:
शुल्क लावलं की पैसेवाला लावणार आणि बाकीचे फिरत राहणार. हे मला कधीच पटणार नाही. शिवाय पैसा गल्लीला मिळेल याची खात्री काय? शिकागोने २००८ मध्ये शहरातले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर एका खासगी कंपनीला ७५ वर्षांच्या करारावर दिले. पैसा एकदाच आला आणि तो बऱ्याच अंशी पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपला. आता तिथे रस्ता रहिवाशांचा, वसुली दुसऱ्याची.

पेठेतला वाचक:
शिकागोचं उदाहरण योग्य आहे, म्हणूनच वसुली गल्लीच्या नावे हवी. आणि रहिवाशांना दर कमी ठेवता येतो. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन जड गाड्यांचं रस्त्यावरचं शुल्क तिप्पट केलं, त्यात रहिवाशांना त्यांच्या भागात सूट आहे. मतदानाला मात्र सहा टक्केही लोक आले नाहीत, हेही सांगायला हवं.

हँडब्रेक:
रहिवासी परवान्याचं काय? बाहेरच्यांनी लावायचंच नाही.

हिशोबी:
परवाना चांगला, पण तो दिल्यावर जागा वाढत नाही. लंडनमध्ये ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनाही जागेची हमी नसते, फक्त शोधायची मुभा असते. परवाने जागांपेक्षा जास्त वाटले की भांडण होतं तिथेच. बाहेरची वर्दळ असलेल्या भागात, म्हणजे स्टेशन, बाजार, इस्पितळाजवळ, परवान्याने लगेच फरक पडतो. जिथे रात्री सगळ्या गाड्या रहिवाशांच्याच आहेत तिथे काही उपयोग नाही. म्हणून वळणावरची, आधी हे शोधा की तुमच्याकडची गर्दी बाहेरची आहे की घरची.

बाहेरच्यांना मज्जाव करणं न्याय्य आहे का, हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अर्लिंग्टन काउंटीच्या खटल्यात १९७७ मध्ये न्यायालयाने रहिवासी परवाने वैध ठरवले.

डिकीत छत्री:
जागा राखण्याबद्दल एक आठवलं. बोस्टनमध्ये बर्फ पडल्यावर ज्याने फावड्याने उपसून जागा मोकळी केली तो तिथे खुर्ची ठेवतो, आणि शहराने हिमवादळाची आणीबाणी उठवल्यावर ४८ तास ते चालवून घेतलं जातं. नंतर खुर्ची कचऱ्यात. मला हे आवडलं कारण हक्काला मुदत आहे आणि हक्क कष्टातून आलाय.

चौथा मजला:
आणि तरी तिथेही खुर्ची हलवली म्हणून टायर फोडले जातात, असं वाचलंय. हक्क एकदा मनात बसला की मुदत कुणी पाहत नाही.

बंबावरचा:
इतका वेळ नुसता वाचत होतो. मी अग्निशमन दलात आहे, म्हणून एवढंच लिहितो, आणि कृपया सगळ्यांनी वाचा.

ब्रिटनच्या इमारत नियमांत बंबासाठी रस्त्याची किमान रुंदी ३.७ मीटर धरलेली आहे. आता तुमची गल्ली सात मीटरची असेल. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या, आरसे धरून प्रत्येकी दोन मीटर, की उरले तीन. तेही प्रत्येकाने कडेला चिकटून लावली असेल तर. बंब अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून आम्ही चालतो, आणि पुढे वळण आलं की संपलं. वळणाला रुंदी जास्त लागते. पहिल्या गाडीचा मागचा कोपरा कधी कधी हातभर पुढे आलेला असतो, आणि तेवढ्याने आम्ही अडकतो. मग माणसं उतरतात, होज खांद्यावर घेऊन पळत जातात. पाणी पोचेपर्यंत जी मिनिटं जातात ती कुणी परत देत नाही.

आणि तो सिमेंटचा डबा. गाडी हलवायला मालकाला हाक मारता येते, डबा अंधारात दिसतही नाही. फार कळकळीने सांगतो, बाकी काहीही ठरवा, पण दोन्ही तोंडांची वळणं आधी मोकळी करा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्ते-नियमांच्या पुस्तिकेत, चौकापासून १० मीटरच्या आत गाडी लावू नका असं सांगितलंय. तेवढं पाळलं तरी आम्ही आत शिरतो.

वळणावरची:
बंबावरचा, तुमचा प्रतिसाद छापून गल्लीत लावते, चालेल ना? आमचा रस्ता टेपने मोजला, सहा मीटर ऐंशी भरला. म्हणजे तुमच्या हिशोबाने आमच्याकडे दोन्ही बाजूंना लावणंच चूक आहे.

बंबावरचा:
ताई, जरूर लावा. सहा ऐंशीला एकच बाजू.

पाटी नको:
एकच बाजू म्हणजे निम्म्या गाड्या कुठे जाणार?

जिन्याखाली:
आमच्याकडे हे प्रत्यक्षात झालंय, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

गल्ली तुमच्याएवढीच. रुग्णवाहिका अडकली तेव्हा सगळे हादरले आणि पहिल्यांदा एकत्र बसले. पहिल्या बैठकीत नुसता आरडाओरडा. दुसऱ्या बैठकीच्या आधी दोघींनी पहाटे फिरून सगळ्या गाड्यांची यादी केली, नंबर आणि कुठल्या घराची ते. त्यात जे निघालं त्याने बैठकीचा सूरच बदलला. सहा गाड्या अशा होत्या ज्यांच्या चाकांखाली पानं कुजून माती झाली होती. त्यातली एक तर घर विकून गेलेल्या माणसाची. पाच घरांना गॅरेज होतं, पण त्यात जुने सोफे, पुस्तकांच्या पेट्या, कुणाच्या तरी लग्नातली भांडी. गाडी रस्त्यावर आणि सोफा गॅरेजमध्ये! आणि एकाच्या कामाच्या व्हॅन दुसऱ्या भागातून येऊन रात्री आमच्याकडे मुक्कामाला असत.

बेवारस गाड्या पालिकेला अर्ज करून उचलून नेल्या, त्याला बराच पाठपुरावा लागला. गॅरेजं रिकामी करायला तरुण मुलांनी मदत केली. व्हॅनच्या मालकाला आम्ही चौघी जाऊन भेटलो, त्याने ऐकलं. मग एक बाजू बंद केली, महिनाभर डावी, पुढचा महिना उजवी, म्हणजे कुणाच्या दारासमोर कायम गाड्या असं होत नाही. घरटी रस्त्यावर एकच गाडी. दुसरी असेल तर तिची सोय मालकाने बाहेर भाड्याने करायची. दोन घरांनी दुसरी गाडी विकली. एक घर आजही आमच्याशी बोलत नाही, तेही सांगते.

आणि तळमजला यांच्यासाठी: आमच्याकडे दोन आजारी माणसं आहेत. त्यांच्या दारासमोर दोन जागा सगळ्यांच्या सहीने सोडल्यात. डबा नाही, कुंडी नाही. दर सहा महिन्यांनी बैठकीत परत विचारतो, अजून गरज आहे का.

चौथा मजला:
दंडवत. खासकरून सहा महिन्यांनी परत विचारण्याला.

तळमजला:
जिन्याखाली, असं कुणी सहीनिशी देणार असेल तर मी जागा राखायला उभा राहणार नाही. वडिलांना सहा पावलांवर गाडी मिळावी, एवढंच माझं मागणं आहे. आमच्या गल्लीत हा धागा पाठवतोय.

पाटी नको:
घरटी एक हे पाळलं जातं का? भाऊ-भाऊ एकाच घरात राहत असतील तर?

जिन्याखाली:
वेगळी चूल असेल तर वेगळं घर धरलं. त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. पळवाटा निघतात, पण यादी भिंतीवर असते आणि सगळ्यांना दिसते, त्यामुळे फार कुणी ताणत नाही.

वळणावरची:
जिन्याखाली, हेच हवं होतं. यादी कशी करायची ते सांगा ना. किती वाजता, काय लिहायचं?

जिन्याखाली:
पहाटे साडेचार-पाचला. तेव्हा सगळे घरी असतात, म्हणजे खरा आकडा मिळतो. गाडीचा नंबर, कुठे उभी आहे, आणि चाकाची स्थिती. टायरवर खडूने बारीक खूण करायची, जमिनीला टेकलेल्या भागाजवळ. आठवड्याने खूण तिथेच असेल तर गाडी हललेली नाही. याच फेऱ्या दुपारी दोनला परत करा, म्हणजे हिशोबी म्हणतात तसं बाहेरच्या किती आणि घरच्या किती ते वेगळं निघेल. एकट्या जाऊ नका, भांडण झालेल्या दोन्ही घरांतलं एकेक माणूस सोबत घ्या, नाहीतर यादीवरच विश्वास बसणार नाही.

बंबावरचा:
आणि मोजायला सुरुवात कराल तेव्हा दोन्ही तोंडांचे दहा-दहा मीटर आधी वजा करा. मग उरलेल्या लांबीत गाड्या बसवा.

वळणावरची:
या रविवारी पहाटे निघतोय. समोरच्या घरातल्या सूनबाई यायला तयार झाल्यात, चरा पडलेल्या गाडीवाल्यांना उद्या विचारते. आकडे इथेच टाकीन.